बाई हॉटेलात गिऱ्हाईक म्हणून जाते तेव्हा

(एटापल्ली इथे तालुक्यातल्या महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर.)



शिबिरातले नेहमीचे विषय आपल्याला पाठ आहेत. मारहाण, दारू, वनहक्क, रेशन, रोजगार हमी. आजचा माझा विषय ऐकून काही जणी हसल्या. 'हॉटेलात खाण्यावर काय भाषण करायचं?' असं एक ताई म्हणाल्यासुद्धा. हसून घ्या, आणि मग मनाशी एका प्रश्नाचं उत्तर द्या. एटापल्लीच्या एखाद्या हॉटेलात, पुढच्या बाकावर बसून, स्वतःच्या पैशानं, फक्त स्वतःसाठी तुम्ही शेवटचं कधी खाल्लंत? बरोबर नवरा नाही, भाऊ नाही, पोरं नाहीत, आणि माझ्यासारखी संस्थेची बाईही नाही.

हा प्रश्न मी गावोगावच्या बैठकांत विचारत आले आहे. कसनसूर, तोडसा, जारावंडी, गट्टा, कुठंही विचारा. आधी सगळ्या गप्प होतात, मग एकमेकींकडे बघून हसतात, मग हळूहळू बोलतात. एक म्हणते, 'पोरांना भजे घेऊन दिले, मी नाही खाल्ले.' दुसरी म्हणते, 'तिथं माणसं बसली असतात.' तिसरी म्हणते, 'मला मराठी धड येत नाही, काय मागू?' आणि एक आजी म्हणाल्या, 'बसलं तर उठा म्हणतील.' मी विचारलं, 'कधी कुणी म्हणालं का?' त्या म्हणाल्या, 'नाही. पण म्हणतील.'

आज मला बोलायचं आहे ते या 'पण म्हणतील' बद्दल.

एटापल्ली हे तालुक्याचं ठिकाण. तहसील इथं, बँक इथं, ग्रामीण रुग्णालय इथं, आठवडी बाजार इथं. पूर्वी कचेरीची कामं पुरुष करत, बाई बाजारापुरती येई. आता तसं राहिलेलं नाही. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. ऑगस्ट २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे पैसे बाईच्या खात्यात येऊ लागले. खातं तिचं, अंगठा तिचा, म्हणजे यावंही तिलाच लागतं. सकाळी भाकरतुकडा किंवा पेज घेऊन ती निघते, दहा-अकराला पोचते. कचेरीत सांगतात, साहेब दुपारनंतर येतील. आता दुपारपर्यंत तिनं बसायचं कुठं? पाणी कुठं प्यायचं? खायचं काय?

पुरुषाला हा प्रश्न पडत नाही. तो समोरच्या हॉटेलात जातो, एक चहा मागवतो आणि अर्धा तास बसतो. तिथंच त्याला कळतं की साहेब आले की नाही, कुठला फॉर्म लागतो, झेरॉक्स कुठं निघते, कुठल्या गावची गाडी आज बंद आहे. चहाच्या त्या पैशात त्याला सावली मिळते, पाणी मिळतं, बातमी मिळते, ओळख होते. बाई रस्त्याच्या कडेला झाडाखाली बसते. तिला यातलं काहीच मिळत नाही. पोर रडायला लागलं, पोटात कावळे ओरडायला लागले की ती काम अर्धं टाकून परतीची गाडी पकडते. पुढच्या आठवड्यात पुन्हा हेलपाटा, पुन्हा रोजी बुडते. म्हणजे हॉटेलात न बसण्याची किंमत ती मजुरीतून मोजते. म्हणून हा विषय चैनीचा नाही.

आता आत गेल्यावर काय अनुभव येतो ते सांगते. मी एकटी एका हॉटेलात शिरले, पुढच्या बाकावर बसले. कामावरच्या मुलानं पहिला प्रश्न विचारला, 'सोबत कोण आहे?' मी म्हटलं, कुणी नाही. मालक गल्ल्यावरून म्हणाले, 'ताई, आत फॅमिली आहे, तिथं बसा.' आत म्हणजे मागच्या बाजूला पडदा लावलेली खोली. पंखा बंद, उजेड बेताचा. आणि मुख्य म्हणजे तिथून रस्ता दिसत नाही, गाडी आली-गेली कळत नाही. मी म्हटलं, इथंच बरी आहे. मालक वाईट मनाचे नव्हते. त्यांना वाटत होतं की ते माझी सोय करताहेत. ही 'फॅमिली'ची खोली फक्त आपल्याकडची नव्हे. मुंबईतल्या जुन्या इराणी हॉटेलांतही 'फॅमिली रूम' असे. चार भिंतींच्या बाहेर पडलेल्या बाईसाठी बाहेरही चार भिंती उभ्या केल्या, एवढाच त्याचा अर्थ. काही बायकांना त्या आडोशाची गरज वाटते. तान्ह्याला पाजायचं असतं, दोन घटका पाठ टेकायची असते. त्यांनी जरूर तिथं बसावं. पण पडद्याआड बसणं ही तिची निवड असावी, नियम नसावा.

मला निदान 'ताई' आणि 'बसा' म्हणाले. त्याच बाकावर माडिया बाई बसली तर काय होतं? तिला 'ए, काय पाहिजे?' असं विचारतात. तिच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान मुलगा तिला अरेतुरे करतो. पुष्कळदा ती आत येतच नाही. दारातून भजी घेते, रद्दीच्या कागदात, आणि रस्त्यावर बसून खाते. भाव विचारायची तिला भीती वाटते, मागतील तेवढे पैसे देते, परत किती आले ते मोजत नाही. २०२१ पासून सुरजागडच्या लोहखाणीचं काम जोरात सुरू झालं तशी या रस्त्यावर ट्रकची आणि बाहेरच्या माणसांची वर्दळ वाढली. हॉटेलं वाढली, धंदा वाढला. बाकांवर ड्रायव्हर आणि कंत्राटी कामगार असतात. तेही पोटासाठी घर सोडून आलेले, त्यांच्याशी आपलं भांडण नाही. पण ज्यांचं हे रान, त्यांनाच गावातल्या बाकावर जागा नाही, हे चित्र आपल्याला खटकलं पाहिजे.

त्याच हॉटेलात मागच्या बाजूला नजर टाका. तिथं बाई दिसते. भांडी घासते, कांदे चिरते, पोळ्या लाटते. तिचं जेवण सगळी गिऱ्हाइकं आटोपल्यावर, उभ्या-उभ्या. घरात जे चालतं तेच इथं. घरातही ती सगळ्यांना वाढून शेवटी बसते आणि उरलं तेवढं खाते. कुर्माघरात असते तेव्हा तर तिनं कुठं बसावं आणि तिचं ताट कुठं ठेवावं हेही दुसरेच ठरवतात. म्हणून एकट्या हॉटेलवाल्याला दोष देऊन भागणार नाही. 'मी नाही खाल्लं' हे वाक्य ती हॉटेलात शिकलेली नाही.

आपल्याकडं कुणी कुणाबरोबर काय खाल्लं यावर समाजाची नजर नेहमीच राहिली आहे. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्याच्या प्रकरणावरून टिळक-रानड्यांसारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या वादात ओढलं गेलं. मोठ्यांची ही गत, मग ज्यांना पिढ्यान् पिढ्या वेगळा कप दिला, ओंजळीत वरून पाणी ओतलं, त्यांचं काय झालं असेल! म्हणून तर घटनेत हॉटेलाचा उल्लेख नाव घेऊन केलेला आहे. कलम १५ चा दुसरा भाग सांगतो की धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांच्या कारणावरून कुणाही नागरिकाला दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं इथं जाण्यापासून रोखता येणार नाही. त्यात 'लिंग' हा शब्द आहे, तो लक्षात ठेवा. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यानं अस्पृश्यतेच्या कारणावरून हॉटेलात येऊ न देणं किंवा तिथली भांडी वापरू न देणं हा गुन्हा ठरवला. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली, ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीला दुकानात, सार्वजनिक जागी जाण्यास अडवणं, लोकांसाठी ठेवलेली भांडी वापरू न देणं हेही त्यात येतं.

पण मैत्रिणींनो, कायदा कुणी अडवलं तर उपयोगी पडतो. इथं बहुतेक वेळा कुणी अडवतच नाही. मालकांशी बोललं तर ते म्हणतात, 'आम्ही कुणाला नाही म्हटलं?' आणि ते खरंही असतं. बाई दाराशीच थबकते. 'पण म्हणतील' वर कलम लावता येत नाही. ते आपल्यालाच मोडावं लागेल.

काही जणी सुचवतात, बचतगटाचं हॉटेल काढू. जरूर काढावं. मुंबईत गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायकांना एकत्र आणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. सावकाराच्या कचाट्यातून त्या बायकांना बँकेच्या कर्जाचा रस्ता मिळाला. हे फार मोठं काम आहे. पण बाई म्हटली की आपल्याला आधी चूल सुचते. रांधणारी बाई सगळ्यांना दिसते, जेवणारी बाई कुणाला दिसत नाही. बचतगटाच्या हॉटेलातही बाकावर पुरुषच बसले आणि बायका मागे राबल्या, तर आपण फक्त गल्ल्यावरचं माणूस बदललं असं होईल.

गिऱ्हाईक म्हणून बाईची ताकद महाराष्ट्रानं पाहिलेली आहे. १९७२ मध्ये महागाईविरुद्ध मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी बायकांना घेऊन लाटणी हातात धरून रस्त्यावर उतरल्या. मुंबईत २०११ पासून 'राइट टू पी' म्हणत बायकांनी मोफत, स्वच्छ मुताऱ्यांची मागणी लावून धरली. लाज वाटणारा शब्द मोठ्यानं उच्चारला, तेव्हा त्याची बातमी झाली. आणि आपल्या जिल्ह्यात तर दारूविरुद्ध बायका उभ्या राहिल्या, १९९३ मध्ये दारूबंदी झाली. दारूच्या धंद्याला न भिणाऱ्या बायकांच्या जिल्ह्यात एक प्लेट भजी मागायला बाईनं का भ्यावं?

आता करायचं काय ते सांगते.

बाजाराच्या दिवशी तिघी-चौघी मिळून हॉटेलात जा. पुढच्या बाकावर बसा. एक चहा दोघींत घेतला तरी चालेल, पण बसून घ्या. 'आत बसा' म्हटलं तर शांतपणे सांगा, 'इथं बरं आहे, गाडी दिसते.' भांडण उकरून काढायचं नाही, उठायचंही नाही.

भाव विचारा, पैसे मोजून घ्या. भावाची पाटी दिसेल अशी लावा म्हणून मालकाला सांगा. वाचता न येणारीला वाचता येणारीनं तिथंच वाचून दाखवा. कुणी 'ए' म्हटलं तर 'तुम्ही म्हण बापू' एवढंच म्हणा. माडियातून मागितलं तरी मागणं होतं. पदार्थाकडं बोट दाखवलं तरी होतं. त्यात कमीपणा नाही.

पाणी सगळ्यांना ठेवलेल्या ग्लासातूनच प्या. वेगळा ग्लास कुणी पुढं केला तर तारीख, वेळ, हॉटेल लिहून ठेवा आणि बैठकीत आणा. मग आपण सगळ्या मिळून जाऊ, आधी बोलायला आणि गरज पडली तर ठाण्यात.

ज्यांच्याजवळ दहा रुपयेही सुटत नाहीत त्यांचाही विचार करा. राज्यात २०२० साली दहा रुपयांत शिवभोजन थाळी सुरू झाली होती. अशी स्वस्त थाळी कचेरीच्या आणि रुग्णालयाच्या जवळ मिळावी, बसस्थानक आणि बाजाराजवळ बायकांसाठी पाणी आणि संडास-मुतारी असावी, असा अर्ज नगरपंचायतीला द्यायचा. बाई दिवसभर पाणी पीत नाही, कारण जायला जागा नसते, हे त्या अर्जात स्पष्ट शब्दांत लिहायचं.

आणि घरी गेल्यावर एक दिवस तरी सगळ्यांबरोबर ताट घेऊन बसा. सासू काय म्हणेल, नवरा काय म्हणेल, तेही पुढच्या बैठकीत सांगा.

पुढच्या बाजाराला मी दुपारी बाराला बसस्थानकाजवळ उभी असेन. ज्यांना यायचं त्यांनी यावं. त्या आजींनी येते म्हटलं आहे. त्यांचं म्हणणं एवढंच, की चहात साखर जास्त टाकायला सांगायचं, आणि ते त्या स्वतः सांगणार.

जोहार.