शिंगं, पिसं आणि घुसाडी



नाटकात जनावर दाखवायचं, तर ते करायचं कुणी? व्हिक्टोरिया राणीच्या काळात लंडनच्या रंगभूमीवर ही एक वेगळी विद्याच होती. क्लिश्निग नावाचा लंडनचा नट माकड इतकं बेमालूम करायचा की, राणी गादीवर येण्याच्या आदल्या वर्षी, 1836 मध्ये, व्हिएन्नाचा नाटककार नेस्ट्रॉय यानं खास त्याच्यासाठी नाटक लिहिलं. पुढं चार्ल्स लॉरीनं मांजर केलं, पूडल केला. राणी गेल्यावरही हौस फिटली नाही. 1904 च्या 'पीटर पॅन'मध्ये मुलं सांभाळणारी कुत्री झाला होता आर्थर लुपिनो, आणि त्याचा पोशाख नाटककार बॅरी यांच्या घरच्या कुत्र्यावरून बेतलेला होता. या सगळ्यांची धडपड एकच: कातड्यात माणूस आहे, हे प्रेक्षकानं विसरावं.

आपल्या चंद्रपूर भागात ही विद्या फारशी चालली नसती. ज्यांच्या धुऱ्यावरून रात्री खरा वाघ जातो, त्यांना कापडाचा वाघ काय फसवणार?

पण माणूस आणि जनावर एकाच अंगावर पाहायचं असेल, तर दिवाळीत राजुरा, कोरपना, जिवतीच्या गोंड गावांत जावं. तिथं घुसाडी नर्तक निघतात. डोक्यावर मोरपिसांचा डेरेदार टोप, त्यातून वर आलेली हरणाची शिंगं. खांद्यावरून बकऱ्याचं कातडं, खोटी दाढी, अंगाला राख, गळ्यात माळा, पायात घुंगरू आणि हातात सोटा. मोर म्हणावा तर शिंगं, हरीण म्हणावं तर दाढी! हा नेमका कोणता प्राणी, असं तिथं कुणी विचारत नाही. राखेखालचा गडी कोणाच्या घरचा, हे सगळ्या गावाला ठाऊक असतं. तरी त्या दिवसांपुरता तो देवाचा माणूस. सण सरेपर्यंत त्यानं आंघोळ करायची नाही. त्याच्या सोट्याचा स्पर्श झाला की दुखणं पळतं, अशी श्रद्धा आहे.

आणि हाच देवाचा माणूस पक्का खट्याळ! दंडारीचा, म्हणजे सणातल्या समूहनृत्याचा, फेर रंगात आला की मध्येच शिरतो, पोरांवर धावून जातो, दुसऱ्या गावी गेला की तिथल्या मंडळींची टर उडवतो. लॉरीला पाहून लोकांनी थक्क व्हावं एवढंच होतं. इथं पाया पडायचं आणि पोट धरून हसायचं, दोन्ही एकाच माणसापुढं. मला विचाराल तर, हे जास्त अवघड आहे.

गोंडांच्या या चालीरीती हायमेनडॉर्फ या अभ्यासकानं 1940 च्या दशकात आदिलाबादेत राहून टिपल्या. राजुरा तेव्हा त्याच जिल्ह्यात होता. 1956 मध्ये राज्यांच्या सीमा बदलल्या, सोयरीकी मात्र बदलल्या नाहीत. सीमेपलीकडच्या मार्लवाईचे कनक राजू यांना घुसाडी नृत्यासाठीच 2021 ची पद्मश्री जाहीर झाली.

हल्ली घुसाडी सरकारी कार्यक्रमांच्या मंचावरही दिसतात. टोप तोच, घुंगरू तेच. पण समोर खुर्च्यांची रांग, आणि मंचावरून उतरून पाहुण्यांच्या अंगावर धावायची सोय नाही. अर्धा घुसाडी तिथंच गळतो. म्हणून सांगतो, पाहायचा तर गावातच पाहा. अंगावर आला तर पळू नका. पळणाऱ्याच्या मागं तो हमखास लागतो.