राजाने मारले तर दाद कुठे मागावी?



मागच्या आठवड्यात वर्ग सुटल्यावर एका आजीबाईंनी मला विचारले, "गुरुजी, सरकार म्हंजे राजा. राजावर कुनी दावा लावतं का?"

आपल्यात म्हणच आहे. राजाने मारले आणि पावसाने झोडपले, तर दाद कुणाकडे मागायची? आज त्याविषयीच चार गोष्टी सांगतो.

पूर्वी इंग्लंडात असा नियम होता की, राजाच्या हातून चूक होतच नाही. कोर्टेही राजाचीच. मग राजाला कोर्टात उभे करणार कोण? १९४७ साली तिथल्या पार्लमेंटने कायदा करून हा नियम बराचसा मोडला.

आपल्याकडची वाट थोडी निराळी. १८६१ सालची गोष्ट. कलकत्त्याच्या सरकारी गोदीजवळून एका आगबोट कंपनीची घोडागाडी चालली होती. सरकारी मजूर अवजड लोखंड नेत होते. ते त्यांनी रस्त्यात खाली टाकले. मोठा आवाज झाला. घोडे बुजले, एक घोडा जखमी झाला. कंपनीने सरकारवर दावा लावला. कोर्ट म्हणाले, "असले काम कोणीही खाजगी मालक करतो. मालकाला भरपाई चुकत नाही, तर सरकारलाही चुकणार नाही."

आज आपल्या घटनेचे ३०० वे कलम हेच सांगते की, सरकारवर दावा लावता येतो.

आता दोन खटले ऐका. १९५२ साली उदयपूरला कलेक्टरची जीप दुरुस्तीहून परत येत होती. ड्रायव्हरने बेफिकीरपणे हाकली. पायवाटेने चाललेला एक माणूस सापडला आणि तीन दिवसांनी दवाखान्यात मेला. मागे बायको आणि लहान मुलगी. त्यांनी राजस्थान सरकारवर दावा केला. १९६२ साली सुप्रीम कोर्टाने १५,००० रुपयांची भरपाई कायम केली.

दुसरा खटला उलटा गेला. १९४७ साली अमृतसरचा एक व्यापारी मेरठला सोने-चांदी विकायला आला. पोलिसांनी संशयावरून त्याला धरले आणि माल जप्त केला. पुढे तो सुटला. चांदी परत मिळाली. पण शंभर तोळ्यांहून जास्त सोने ठाण्यातला हवालदार घेऊन पाकिस्तानात पळाला! पोलिसांचा हलगर्जीपणा कोर्टाने मान्य केला. तरी १९६४ साली व्यापारी हरला. का? तर माणसाला पकडणे, माल जप्त करणे, हे राजसत्तेचे काम. कोणी खाजगी मालक ते करीत नाही. तिथे सरकारला संरक्षण मिळाले.

निकाल लिहिणारे सरन्यायाधीश गजेंद्रगडकर साताऱ्यात जन्मलेले. निकाल देताना त्यांनीच लिहिले की, ही स्थिती समाधानाची नाही, कायदेमंडळाने कायदा करावा. १९६७ साली विधेयक आले, पण त्याचा कायदा झाला नाही.

मग कोर्टानेच वाट काढली. ओरिसात एक २२ वर्षांचा मुलगा पोलिसांच्या ताब्यात असताना मेला. त्याच्या आईचे पत्र सुप्रीम कोर्टात पोचले. कोर्टाने पत्रालाच अर्ज मानले. १९९३ साली निकाल झाला की, माणसाचा जगण्याचा हक्क मोडला, तर "आम्ही राजसत्ता" हे सांगून सरकारला सुटता येणार नाही. आईला दीड लाख रुपये देवविले.

मंडळी, एका पत्राने हे झाले. म्हणून लिहिणे-वाचणे शिका असे मी सांगतो.

आता माझी एक चूक सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी एका शेतकऱ्याची बियाण्याची दोन पोती जप्त झाली. मी पंच होतो. घाईत न वाचता सही केली. पंचनाम्यात एकच पोते लिहिले होते. परत मिळाले तेही एकच. त्याची बायको मला एका शब्दाने बोलली नाही. ते न बोलणे मला अजून बोचते. मी तर शिकलेला होतो!

म्हणून लक्षात ठेवा. वाचल्याशिवाय सही नको, अंगठा नको. जप्तीची पावती मागा. सरकारवर दावा लावण्याआधी लेखी नोटीस द्यावी लागते. राज्य सरकारची नोटीस कलेक्टरकडे देता येते. तुमचे नाव-गाव, काय झाले, काय मागता, हे तिच्यात लिहावे. मग दोन महिने थांबावे. फार निकड असेल तर कोर्टाच्या परवानगीने लवकर जाता येते. वकिलाला पैसे नसतील तर तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे जा. बायकांना तिथे फुकट वकील मिळतो, मग मिळकत कितीही असो.

आजीबाई, तुमच्या प्रश्नाला उत्तर असे. पावसावर दावा लावता येत नाही. राजावर येतो. दर वेळी जिंकू असे नाही. पण दार बंद नाही, आणि त्या दारावरची पाटी आता तुम्हांला वाचता येते.