गर्भिणीच्या रक्तांतील साखर

गरोदर स्त्रीला दवाखान्यांत ग्लुकोजचें पाणी पाजून दोन तासांनीं रक्त घेतात, तेव्हां घरांतील वडील माणसें हटकून म्हणतात, "हिला कसला मधुमेह? चांगली टवटवीत तर आहे!" श्रोतेहो, टवटवी खरी असते, पण या दिवसांतील मधुमेह बहुधा मुकाच असतो.

वारेंत उत्पन्न होणारे अंतःस्राव इन्शुलिनचा जोर कमी करितात. बाळाला साखर मिळावी म्हणून ही निसर्गाचीच योजना. बहुतेक स्त्रियांचें स्वादुपिंड अधिक इन्शुलिन स्रवून वेळ निभावून नेतें. कांहींचें अपुरें पडतें. मग मातेची जास्तीची साखर वारेंतून बाळाकडे जाते, इन्शुलिन मात्र जात नाहीं. तें बाळ स्वतःच जास्त तयार करूं लागतें. त्यानें अंगांत चरबी सांठून प्रसूति अडूं शकते. आणि नाळ तुटतांच साखर थांबते, पण इन्शुलिन उरतें, म्हणून बाळाची साखर एकाएकीं उतरण्याचें भय असतें.

आपल्याकडे ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजल्यावर दोन तासांनीं दर १०० मिलिलिटर रक्तरसांत १४० मिलिग्रॅम वा अधिक साखर भरल्यास निदान करितात. उपाशीपोटीं येण्याची अट नाहीं. पहिली तपासणी पहिल्याच भेटींत, दुसरी २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान.

साखर चढण्याआधींच रक्त कांहीं सांगेल काय? पुढें हा विकार जडणाऱ्या स्त्रियांत पहिल्या तीन महिन्यांतच चरबीच्या पेशींतून स्रवणारें अ‍ॅडिपोनेक्टिन कमी, तर ल्युसिन, व्हॅलिन यांसारखीं अमिनो अम्लें वाढलेलीं, असें कित्येक पाहण्यांत आढळलें आहे. परंतु निरोगी व रोगी स्त्रियांचे आकडे एकमेकांत इतके मिसळतात कीं, एकटीदुकटीविषयीं निर्णय देणें धाडसाचें ठरतें. मग तीन महिन्यांची सरासरी सांगणारें हिमोग्लोबिन ए-वन-सी तरी? गरोदरपणीं तांबड्या पेशींचें आयुष्य घटतें, त्यामुळें हा आकडा खरा त्याहून कमी दिसतो. उलट लोहाच्या उणिवेनें तो फुगतो. आपल्याकडे पंडुरोग घरोघर, तेव्हां हा साक्षीदार दोन्हीं बाजूंनीं बोलणारा! तूर्त त्या गोड पाण्याला पर्याय नाहीं.

बोस्टन येथील डॉ. ओसुलिव्हन यांनीं १९६४ सालीं सहकाऱ्यासह या परीक्षेचे आंकडे बांधून दिले, ते मातेला पुढील आयुष्यांत मधुमेह होईल काय हें पाहण्यासाठीं. म्हणून निदान झालेल्या स्त्रीनें बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनीं पुन्हां तपासून घ्यावें. बाळाच्या कौतुकांत नेमकें तेंच राहून जातें.