तबल्याची बेसूर गुंज



प्रार्थनेच्या वेळी तबला पेटीशी जुळत नाही आणि थाप दिल्यावर मागे एक बेसूर गुंज रेंगाळते, असा अनुभव पुष्कळ शाळांतून येतो. अशा वेळी पुडी अधिक ताणावी किंवा तिच्यावर फडके टाकावे, असे दोन उपाय सहज सुचतात. पहिल्याने पुडी फाटण्याचे भय असते. दुसऱ्याने गुंजेबरोबर नादही मरतो. वस्तुतः दोष बहुधा ताण कमी असण्याचा नसून तो सर्वत्र सारखा नसण्याचा असतो.

साध्या ताणलेल्या कातड्यावर आघात केला असता मूळ स्वराबरोबर वरचे स्वरही निघतात; परंतु त्यांचे मूळ स्वराशी प्रमाण पूर्णांकी नसते. पहिलाच सुमारे १.५९ पट असतो. तबल्याची शाई हे वरचे स्वर दुप्पट, तिप्पट, चौपट अशा सुसंवादी प्रमाणाजवळ आणते. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह १९२० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात हा विषय मांडला व १९३४ मध्ये त्याचे सविस्तर विवेचन केले.

मात्र ताण सर्व बाजूंनी समान असेल, तरच शाईचे हे कार्य सिद्धीस जाते. तो विषम झाला की एकाच वरच्या स्वराचे दोन अगदी निकटचे स्वर होतात आणि त्यांच्या मिश्रणाने आवाज थरथरतो.

म्हणून प्रथम गठ्ठे वरखाली करून तबला स्थूलमानाने इष्ट स्वराजवळ आणावा. नंतर गजऱ्यावरील सोळा घरे एकेक करून तपासावीत. जेथे स्वर उतरलेला असेल तेथे हातोडीने गजऱ्यावर वरून, व चढलेला असेल तेथे खालून हलका घाव द्यावा. एका घरानंतर त्याच्या समोरचे घर घ्यावे. घाव पुडीवर किंवा शाईवर कदापि पडू नये.

हे काम वर्ग सुरू होण्यापूर्वी एकांतात उरकण्यापेक्षा मुलांसमोर करावे. डोळे मिटून कोणते घर उतरले आहे ते त्यांनी ओळखावे. तबला त्या दिवसापुरता जुळेल. पण स्वरातील सूक्ष्म भेद ओळखणारा कान मुलांना जन्मभर पुरेल.