कचरा जाळायला बंदी आहे, पण घंटागाडी कुठे आहे?

(युवा कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषणाचा मजकूर)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. कायद्यावर बोलायला मला उभं केलंय म्हणून मागच्या रांगेतले आपले दोन वकील आत्ताच हसतायत. हसू द्या. पण आमच्या कामात एक गोष्ट रोज दिसते. प्रोग्रॅमला 'हे करायचं नाही' एवढंच सांगितलं आणि 'मग काय करायचं' ते सांगितलं नाही, तर तो अडकतो, नाहीतर भलतीच वाट धरतो. उघड्यावर कचरा जाळण्याच्या बंदीचं आपल्या वस्त्यांमध्ये तेच झालंय.

आधी कायदा काय म्हणतो ते बघू. बऱ्याच जणांना वाटतं, ही बंदी अलीकडची आहे. तसं नाही. २००० सालच्या घनकचऱ्याच्या नियमांतही कचरा आणि सुकी पानं जाळू नयेत असं लिहिलं होतं. मग २०१६ चे नियम आले. त्यातला चौथा नियम तुमच्या-माझ्यासाठी होता: आपला कचरा रस्त्यावर, आवाराबाहेरच्या मोकळ्या जागेत, गटारात किंवा पाण्यात टाकायचा नाही, जाळायचा नाही, पुरायचाही नाही. त्याच नियमात आणखी एक कलम होतं, निकाह-वलीमा ठरवणाऱ्यांसाठी महत्त्वाचं. परवाना नसलेल्या जागी शंभरपेक्षा जास्त लोकांचा कार्यक्रम असेल तर तीन कामकाजाचे दिवस आधी पालिकेला कळवायचं, आणि कचरा वेगळा करून सोपवायची जबाबदारी आयोजकाची.

आता पंधरावा नियम. हा महापालिका-नगरपालिकांसाठी होता आणि तो आपल्यापैकी फार कमी जणांनी वाचलाय. घरोघरी जाऊन वेगळा केलेला कचरा गोळा करणं हे पालिकेचं कर्तव्य होतं, आणि त्यात झोपडपट्ट्या आणि अनौपचारिक वस्त्या हे शब्द स्पष्ट लिहिले होते. 'तुमची वस्ती अधिकृत नाही, गाडी आत येणार नाही' हे उत्तर तुम्हाला काउंटरवर मिळालं असेल. या नियमासमोर ते टिकत नव्हतं. रस्ते झाडणाऱ्या कामगारांना पानं न जाळण्याच्या सूचना द्यायच्या, पानं वेगळी साठवायची, हेही पालिकेवरच टाकलं होतं.

२२ डिसेंबर २०१६ ला राष्ट्रीय हरित लवादाने अलमित्रा पटेल यांच्या प्रकरणात आदेश दिला. मोकळ्या जागेत, डम्पिंग ग्राउंडवरसुद्धा, कचरा जाळण्यावर पूर्ण बंदी. साध्या जाळण्याला ५,००० रुपये, मोठ्या प्रमाणावर जाळलं तर २५,००० रुपये पर्यावरण भरपाई. ही भरपाई कोणी द्यायची? जो कोणी जबाबदार असेल त्याने. त्या यादीत ठेकेदार आहे, प्रकल्प चालवणारा आहे आणि स्वतः पालिकाही आहे. दंडाची पावती फाडताना मात्र ही यादी शेवटून वाचली जाते. ज्याच्या हातात काडी दिसली, तो पहिला.

काडी कोणाच्या हातात असते, ते तुम्हाला माहीत आहे. सकाळी झाडलोट करणारी मावशी, जिला मुकादमाने गाडी पाठवलेली नाही. थंडीत रात्रपाळी करणारा वॉचमन, जो शेकोटीत पुठ्ठ्याबरोबर प्लॅस्टिकही टाकतो, कारण ते पटकन पेटतं. तांब्यासाठी वायर जाळणारी भंगारातली पोरं. दुकान बंद करताना खोके आणि पिशव्या पेटवून जाणारा आपलाच शेजारी. आणि धुराने डास जातात असं खात्रीने सांगणारे चाचा, ते तर प्रत्येक गल्लीत एक असतात. यातल्या कोणालाही मी निर्दोष म्हणत नाही. प्लॅस्टिक कमी तापमानात जळतं तेव्हा त्याचं जेमतेम अर्धवट ज्वलन होतं. पीव्हीसी असेल तर डायॉक्सिनसारखी विषारी रसायनं तयार होतात. चिमणी नाही, त्यामुळे धूर वर जात नाही. जानेवारीच्या पहाटे जमिनीलगतची हवा थंड आणि जड असते, तेव्हा तो गल्लीतच बसून राहतो. तो धूर आधी पहिल्या मजल्यावरच्या खिडकीतून आत जातो, वॉर्ड ऑफिसात नाही.

एक बारकावा सांगतो, कारण यावरून वाद होतात. १९८१ च्या हवा कायद्यात राज्य सरकारला एखाद्या भागात वस्तू जाळण्यावर बंदी घालता येते, पण तिथे शब्द आहेत 'इंधन नसलेली वस्तू'. म्हणजे त्या तरतुदीत चुलीतलं लाकूड येत नाही. कचरा ही वेगळी गोष्ट. कोणी आजीची चूल बंद करायला आला तर त्याला हा फरक विचारा.

आता देवनार. १९२७ पासून मुंबईचा कचरा जिथे पडतो, त्याच्या कुशीत गोवंडी, शिवाजीनगर, बैंगनवाडी आहे. आपल्यापैकी किती जण तिथून आलेत, हात वर करा... बघा. जानेवारी २०१६ च्या शेवटी तिथे आग लागली, धूर इतका पसरला की महापालिकेला शाळा बंद ठेवाव्या लागल्या. मार्चमध्ये पुन्हा पेटलं. ओला कचरा न वेगळा करता ढिगात दाबला की आत मिथेन तयार होतो. मग ठिणगी कोणी टाकली हा प्रश्न दुय्यम ठरतो, कारण ढीग पेटायला तयारच असतो. त्या वेळी चर्चा मात्र कचरावेचकांनी आग लावली का, यावर बरीच झाली. हे आपल्याला ओळखीचं आहे. वस्ती घाण आहे म्हणून धूर येतो, असं एकदा ठरलं की ढीग तिथे कोणी आणून टाकला, हे विचारायची गरज उरत नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईची हवा इतकी बिघडली की हायकोर्टाने स्वतःहून दखल घेतली. महापालिकेच्या तेव्हाच्या मार्गदर्शक सूचनांमध्येही उघड्यावर कचरा जाळण्यावर संपूर्ण बंदी होती. छान. पण मुंबईच्या २००६ च्या स्वच्छता उपविधींमध्ये कचरा जाळण्याचा दंड होता १०० रुपये. लवाद ५,००० म्हणत होता, उपविधी १०० म्हणत होती. कोणता लावायचा, हे रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या मर्जीवर सोडलं की काय होतं, ते मी सांगायला नको.

आमच्या मोहल्ल्यात आम्ही काही मित्रांनी एक वही ठेवली. ॲप वगैरे काही नाही, दोनशे पानी वही. घंटागाडी कोणत्या दिवशी आली, कोणत्या दिवशी नाही, आणि आग कुठे, किती वाजता. दीड महिन्यात चित्र स्पष्ट झालं. गाडी सलग दोन दिवस आली नाही की तिसऱ्या दिवशी सकाळी त्याच तीन कोपऱ्यांवर धूर. गाडी वेळेवर आली त्या आठवड्यात एकदाच आग लागली, तीही वायरची. तक्रार केली तर मोबाइलवर मेसेज यायचा, 'तक्रार निकाली'. ढीग तिथेच. आमच्या ऑफिसात असं तिकीट बंद केलं तर मॅनेजर जेवू देत नाही.

ती वही घेऊन आम्ही स्वच्छता निरीक्षकांकडे गेलो. पहिल्यांदा ते म्हणाले, तुमच्या लोकांना समजवा. आम्ही म्हटलं, समजावतो साहेब, पण या तारखांना गाडी का नव्हती तेवढं सांगा. मग आवाज बदलला. गाडीचा मार्ग अजूनही पूर्ण झालेला नाही, पण निदान आता ती मशिदीच्या मागच्या गल्लीत येते, आणि तिथला कोपरा बंद झालाय.

दिल्लीचं उदाहरण मला आवडतं. तिथे हवा बिघडली की ग्रॅप नावाची टप्प्याटप्प्याची योजना लागू होते. तिच्या दुसऱ्या टप्प्यात सोसायट्यांना सांगितलंय की वॉचमनना इलेक्ट्रिक हीटर द्या, म्हणजे ते शेकोटी पेटवणार नाहीत. सगळीकडे दिले जातात असा माझा दावा नाही. पण बंदी लिहिताना कोणीतरी विचार केला की त्या माणसाला थंडी वाजते. आपल्या सोसायट्यांनी हे सरकारी आदेशाची वाट न बघता करायला हवं. वॉचमनही बहुतेक वेळा आपल्याच गावाकडचा असतो.

आता कामाचं. पहिलं, आपल्या वॉर्डात वही सुरू करा. तारीख, वेळ, जागा आणि फोटो. फोटोत ढीग आणि धूर घ्या, माणसाचा चेहरा घेऊ नका. झाडणाऱ्या मावशीला पकडून देणं हे आपलं काम नाही. दुसरं, माहिती अधिकारात दहा रुपयांचं शुल्क भरून तीन गोष्टी मागा: तुमच्या गल्लीसाठी ठरलेला गाडीचा मार्ग आणि वेळ, गेल्या तीन महिन्यांची हजेरी, आणि गाडी न आल्याबद्दल ठेकेदाराला झालेला दंड. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुधा शून्य येईल. तोच कागद जपून ठेवा. तिसरं, धूर रोजचाच झाला असेल तर नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे सार्वजनिक उपद्रव हटवण्यासाठी अर्ज करता येतो. जुन्या कायद्यात हेच कलम १३३ होतं. इथे आपल्या मागच्या रांगेतल्या वकिलांनी हसणं थांबवून मदत करायची आहे.

आणि हो, दुकानदारांशी बोलायला मुलींनीही जा. आमच्याकडे शबनम आपा गेल्या तेव्हा खोके जाळणं दोन दिवसांत थांबलं. आम्ही पोरं महिनाभर नुसते सांगत होतो.

माहिती अधिकाराच्या अर्जाचा मराठी आणि उर्दू नमुना दाराजवळच्या टेबलावर ठेवलाय. वॉर्ड आणि गल्लीचं नाव तेवढं भरायचं आहे. जेवणाच्या सुट्टीत या, मी तिथेच बसतोय.