वाट आपली, गाव त्यांचं
(शतकमहोत्सवी सभेतील भाषण)



मी गिरगावातल्या खोताच्या वाडीचा. दादोबा वामन खोतांच्या नावाची ही वाडी. लाकडी ओटे, बाहेरून चढणारे जिने. लोक मुद्दाम बघायला येतात. कौतुक केलं की बरं वाटतं. पण कुणी न विचारता ओट्यावर चढून फोटो काढू लागला, की घरातल्या बाईला दार लोटून घ्यावं लागतं. टाळेबंदीत हे थांबलं. गल्ली शांत झाली, अन् सुनीही झाली.

तेव्हाच आपली वाटही थांबली. १७ मार्च २०२० ला विठ्ठलमंदिर भाविकांसाठी बंद झालं. ३० जूनला माऊलींच्या पादुका एसटीनं पंढरीला गेल्या. चैत्री २०२० ते आषाढी २०२१, सलग सहा वाऱ्या गर्दीविना झाल्या. आपलं दर्शन चुकलं. पण पंढरपुरात बुक्का, तुळशीमाळा, चुरमुरे विकणाऱ्यांचं घर चार वाऱ्यांवर चालतं. त्यांची चूल अडली. वाटेवरच्या चहावाल्याचंही तेच.

जून २०२२ ला पुन्हा पायी निघालो. एका मुक्कामावर एक मावशी म्हणाल्या, "माऊली, दोन वरसं तुमी आला न्हाई, अंगण सुनं वाटलं. पर रान मातर स्वच्छ व्हतं."

मला आमच्या वाडीतलं लोटलेलं दार आठवलं. तिथं मी घरमालक. इथं मीच पाहुणा!

दिंडीचा हिशेब मी पाहतो. शिधा आपण मुंबईतूनच ट्रकमध्ये भरतो. गावात खरेदी थोडी, मागं पत्रावळ्या अन् प्लास्टिक मात्र ढीगभर. मग गावाच्या पदरात काय पडलं?

शंभरी भरलीय, तर एवढं ठरवू. भाजी, दूध, जमेल तितका किराणा मुक्कामाच्या गावातच घ्यायचा, रोख पैसे देऊन. ताट-वाटी ज्याची त्यानं आणायची. रानात न जाता फिरत्या शौचालयातच जायचं. तळ झाडल्याशिवाय पुढं पाऊल टाकायचं नाही. खर्च थोडा वाढेल. वर्गणीत तो आपण सोसू.

गर्दी परत आली, म्हणजे सगळं सावरलं असं नव्हे. साथ पुन्हा कधी येईल, कोण सांगणार? वाट पुन्हा बंद झालीच, तर त्या मावशीला अंगण सुनं वाटावं. रान स्वच्छ राहिलं म्हणून हायसं वाटू नये.

रामकृष्ण हरी!