गिऱ्हाइकाने सोडलेली टोपली
(सुवर्णमहोत्सवानिमित्त व्यापारी सभासदांपुढे झालेले भाषण)



आपल्यापैकी बऱ्याच घरांची दुकाने आता इंटरनेटवरही माल विकतात; आमचेही विकते. तेथली नेहमीची तक्रार अशी, की गिऱ्हाईक वस्तू निवडते, टोपलीत टाकते आणि पैसे न भरताच निघून जाते. बेमार्ड या डॅनिश संशोधन संस्थेने अनेक पाहण्यांची सरासरी काढली आहे. तीप्रमाणे १०० पैकी सुमारे ७० टोपल्या अशा पडून राहतात.

या गिऱ्हाइकास परत बोलावण्याचे जुने साधन म्हणजे ‘कुकी’. १९९४ साली नेटस्केप कंपनीतील लू माँटुली यांनी ती शोधली. टोपलीतला माल लक्षात राहावा, ही त्यामागील गरज होती. पुढे जाहिरात कंपन्यांनी आपापल्या कुकी दुकानोदुकानी पेरल्या, आणि गिऱ्हाईक कोठेही जावो, तीच वस्तू त्याच्यापुढे नाचू लागली.

याचा चटका मला घरातच बसला. आईसाठी मी चाकांची खुर्ची पाहून टोपलीत ठेवली होती. त्याच रात्री आई गेली. तेरावा उरकला, तरी फोनवर त्या खुर्चीची जाहिरात येतच होती. दुकानदाराचा हेतू वाईट नव्हता. त्याला कळणार तरी कसे? पण माझे दुकानही लोकांच्या मागे असेच धावत होते, हे आठवून मी खजील झालो.

आता ब्राउझरांनीच वाट अडवली आहे. फायरफॉक्सने २०१९ पासून ओळखीच्या पाळतखोर कुकी आपोआप रोखल्या. सफारीने २०२० साली परक्या कुकी सरसकट बंद केल्या. क्रोमने तसाच बेत जाहीर केला, पण २०२४ साली तो सोडला. म्हणून कित्येक दुकाने आता आपल्या सर्व्हरवरून थेट जाहिरात कंपनीस माहिती धाडतात. पुढचे दार बंद, तर मागचे उघडे!

माझे म्हणणे एवढेच, की पाठलागाची नवी वाट शोधण्याआधी गिऱ्हाईक का गेले ते पाहावे. बहुधा शेवटच्या पायरीवर वाढलेला पाठवणी-खर्च हेच कारण असते. तो पहिल्याच पानावर सांगा. घाईचा खोटा देखावा करू नका. २०२३ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी तो निषिद्धच ठरविला आहे. आठवण द्यायची तर ज्याने आपण होऊन पत्ता व परवानगी दिली त्यालाच द्या, एकदाच द्या, आणि ‘नको’ म्हणण्याची सोय त्याच पत्रात ठेवा.

आमच्या दुकानाने हा नियम केला आहे. त्यापायी काही विक्री बुडते, हे मी लपवीत नाही. परंतु कोणाच्या दुःखाच्या दारात आमची जाहिरात ताटकळत उभी राहू नये, एवढी काळजी आम्ही घेतो. तरुण सभासदांनी याचा विचार करावा, अशी विनंती करून आपली रजा घेतो.